ग्वाल्हेरचा किल्ला पाहताना: पायी चढावे, दगड वाचावेत

महाराष्ट्रातून आमच्याकडे येणारे पाहुणे 'शिंद्यांचा किल्ला' मनात धरून गड चढतात आणि वर गेल्यावर थोडे हिरमुसतात. 1780 साली इंग्रजांनी रातोरात शिड्या लावून हा किल्ला मराठ्यांकडून घेतला, महादजींनी तो 1783 मध्ये परत मिळवला, आणि 1858 नंतर इंग्रजांकडे राहिलेला हा गड 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांना परत मिळाला. पण वरचे पाहण्याजोगे बांधकाम बहुतांशी त्यांच्या आधीचे आहे. शिंदेशाही पाहायची असेल तर खाली लष्कर या शहरभागात, महाराजबाड्याच्या परिसरात फिरावे.

वर जाण्यास दोन वाटा आहेत. पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने गाडी थेट माथ्यावर जाते, म्हणून बहुतेक लोक तिकडूनच येतात. इतिहासाची आवड असणाऱ्याने मात्र बाड्यावरून ऑटोने किलागेटला यावे आणि पूर्वेच्या पायवाटेने सकाळीच चढावे. ही वाट राजांची, हत्तींची आणि वेढा घालणाऱ्यांची आहे. शिवाय मानमंदिर या राजवाड्याच्या पूर्वेकडील बुरुजांवर सकाळचे ऊन पडते, ते गाडीतून येणाऱ्याला दिसत नाही.

या वाटेवर लक्ष्मण दरवाजाजवळ एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. ते इतके लहान आहे की धापा टाकत चढणारा माणूस त्याच्याकडे न पाहताच पुढे निघून जातो. येथे थांबावे, कारण आतील भिंतीवरच्या विक्रम संवत 933 म्हणजे इ. स. 876 च्या संस्कृत शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात व रुंदी 187 हात दिली असून रोजच्या 50 माळांची तरतूद नोंदवली आहे. 270 आणि 50 यांमधील शून्य आजच्यासारखेच, फक्त आकाराने लहान वर्तुळ आहे. अक्षरे उथळ असल्यामुळे विजेरी समोरून न धरता भिंतीलगत आडवी धरावी; सावली पडली की आकडे उठून दिसतात. अक्षरांना बोट मात्र लावू नये.

हत्तीपोळ या दरवाजातून आत गेल्यावर मानसिंह तोमराचे (1486–1516) मानमंदिर लागते. दक्षिणेच्या भिंतीवरील निळ्या फरशांमध्ये पिवळी बदके, हत्ती आणि केळीची झाडे आहेत. ती निवांत पाहावीत. तळघरात उतरताना विजेरी पुन्हा काढावी. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता आणि 1661 मध्ये येथेच मारला गेला.

पुढे सासबहू मंदिर (1093) आणि तेली मंदिर आहे. पहिल्याच्या नावातली 'सास' ही सासू नव्हे. ते नाव 'सहस्रबाहू'चा अपभ्रंश मानतात. तेली मंदिराचे छत गाडीच्या तट्ट्यासारखे लांबट गोल आहे.

गडाच्या पायथ्याच्या गुजरी महालातले संग्रहालय सोमवारी बंद असते, हे लक्षात घेऊन दिवस ठरवावा. उतरताना मात्र उरवाईचाच रस्ता धरावा. तेथील कड्यात डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमरांच्या काळातल्या पंधराव्या शतकातील जैन मूर्ती कोरलेल्या आहेत. बाबराच्या हुकमावरून त्यांची तोंडे फोडली गेली आणि पुढे काहींना चुन्याची नवी तोंडे बसवण्यात आली. दुर्बीण असल्यास गळ्याजवळ पाहावे, दगड कोठे संपतो आणि चुना कोठे सुरू होतो ते तेथे कळते.