मोफत ऑनलाइन कोर्स निवडताय? या चुका टाळा

मोठ्या हौसेने सुरू केलेला कोर्स तिसऱ्या आठवड्यात सुटतो, आणि माणूस स्वतःच्या आळसाला बोल लावत बसतो. बहुतेक वेळा आळसाचा संबंध नसतो. नाव नोंदवण्याआधी अर्धा तास जी पाहणी करायला हवी होती, ती केलेली नसते. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, कोर्स मात्र नुसतं नाव वाचून घेतो.

व्हिडिओ बघून कोर्स ठरवणे

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. पहिलं व्याख्यान नेहमीच सोपं असतं, सर छान बोलतात, सगळं समजल्यासारखं वाटतं. कोर्सची खरी पातळी कळते ती स्वाध्यायांवरून. म्हणून कोणताही कोर्स उघडलात की आधी मधल्या आठवड्याचा स्वाध्याय शोधा. एनपीटीईएलच्या (आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाच्या) अनेक कोर्सचे जुन्या सत्रांतले स्वाध्याय आणि उत्तरं पाहायला मिळतात. आठ आठवड्यांचा कोर्स असेल तर चौथ्याचा, बारा आठवड्यांचा असेल तर सहाव्याचा उघडा. त्यातले प्रश्न आत्ता सुटणार नाहीत, ते ठीकच आहे. पण प्रश्न कशाबद्दल आहे एवढंसुद्धा उमगत नसेल, तर हा कोर्स एक पायरी वरचा आहे.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचंच बघा. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सचा (माहिती मांडून ठेवण्याच्या रचनांचा) आठ आठवड्यांचा कोर्स पहिल्याच आठवड्यात दोन संख्यांचा मसावि काढायला घेतो. मसावि आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे धीर येतो. पण तिथे मुद्दा उत्तराचा नसतो. तेच उत्तर कमी पायऱ्यांत कसं मिळवायचं हा असतो. पुढे बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीतून झटपट शोधणं), सॉर्टिंग (क्रम लावणं) सगळं याच दिशेने जातं. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी हा कोर्स उत्तम आहे. दुकानाच्या हिशेबाच्या फाइली आपोआप जुळवायच्या म्हणून पायथन शिकणारा मात्र इथे वैतागेल. कोडिंगला कधीच हात न लावलेल्याने आयआयटी रोपरच्या प्रा. सुदर्शन अय्यंगार यांच्या ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग’पासून सुरुवात करावी. तो बारा आठवड्यांचा आहे, पण बोट धरून नेतो.

‘मोफत’ म्हणजे नक्की काय, हे न बघणे

हा शब्द निदान चार अर्थांनी वापरला जातो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर साइटवर सगळं साहित्य कायम खुलं असतं, पण सर्टिफिकेट मिळतच नाही. स्वयम् (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ) आणि एनपीटीईएलवर शिकणं मोफत, परीक्षेला मात्र फी. एडएक्स या परदेशी कोर्सच्या साइटवर फुकट शिकणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरताच प्रवेश असतो आणि गुणांचे स्वाध्याय बहुतेक कोर्सांत बंद असतात. कोर्सेरा या तशाच साइटवर कित्येक कोर्सांचा सुरुवातीचा भागच पैसे न भरता उघडतो. तिथे आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो, पण उत्तराला साधारण पंधरा दिवस लागतात. म्हणून शिकायला बसायच्या आदल्या रात्री अर्ज करून उपयोग नाही.

पैसे जातात ते सात दिवसांच्या ‘फ्री ट्रायल’मध्ये. कार्ड किंवा यूपीआय जोडलं की ऑटोपेची परवानगी दिलेली असते, आणि मुदत संपली की हप्ता कापला जातो. ट्रायल घेतलीच तर पाचव्या दिवसाचा गजर लावा. मोबाइलमधून ॲप काढून टाकल्याने सदस्यत्व रद्द होत नाही. आधी कोर्सच्या साइटवर रद्द करा, मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन ती परवानगीही बंद झाली का ते बघा.

नोंदणी केली म्हणजे परीक्षेलाही बसलो, असं समजणे

एनपीटीईएलच्या कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं वेगळं. फॉर्म कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उघडतो, दर विषयाला साधारण १००० रुपये फी असते, आणि परीक्षा घरून नव्हे, केंद्रावर जाऊन द्यावी लागते. जवळच्या शहरातल्या जागा भरून जातात, म्हणून फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नका. फॉर्ममधलं नाव ओळखपत्रावर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांनी इथे विशेष जपावं.

गुणांचं गणितही आधीच समजून घ्या. स्वाध्यायांना २५ आणि परीक्षेला ७५ गुण. पास व्हायला स्वाध्यायांत निदान १० आणि परीक्षेत निदान ३० हवेत, आणि दोन्ही अटी स्वतंत्र आहेत. परीक्षेत ७० मिळाले पण स्वाध्यायांत ९ असतील, तर सर्टिफिकेट नाही. सहसा बारापैकी उत्तम आठ, आठपैकी उत्तम सहा किंवा चारपैकी उत्तम तीन स्वाध्याय धरतात. म्हणजे घरात लग्नकार्य निघालं आणि एखादा आठवडा बुडाला तरी चालतं. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सांचे नियम निराळे असतात, ते त्या कोर्सच्या पानावर वाचा.

कॉलेजात क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) हवे असतील तर नोंदणीआधी विभागात लेखी विचारून घ्या. नंतर विचारलं आणि विषय त्यांच्या यादीत नसला तर सत्र वाया जातं.

एका वेळी तीन-तीन कोर्स

एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. एनपीटीईएलच्या एका कोर्सला आठवड्याला साधारण अडीच तासांचे व्हिडिओ असतात. थांबवून टिपणं काढली की त्याचेच चार तास होतात, स्वाध्याय धरून पाच-सहा. नोकरी, घर सांभाळणाऱ्याला एका सत्रात एकच कोर्स झेपतो.

सगळं मोबाइलवर बघणे

इतिहास, तत्त्वज्ञान, आहारशास्त्र मोबाइलवर चालेल. सॉफ्टवेअर शिकायचं तर नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे साधारण दहा मिनिटांचे असतात आणि बरेचसे मराठीतही आहेत. ते मुद्दाम असे रचले आहेत की अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्या पडद्यावर तेच सॉफ्टवेअर उघडं असावं. एक कृती बघायची, थांबवायचं, स्वतः करायची. एक्सेलसारख्या लिब्रेऑफिस कॅल्कचा दहा मिनिटांचा धडा असा केला तर अर्धा तास सहज लागतो, आणि तो हातात बसतो. नुसता बघितला तर दुसऱ्या दिवशी बेरजेचं सूत्र कुठे टाकायचं तेही आठवत नाही. घरी लॅपटॉप नसेल तर वाचनालयात किंवा सायबर कॅफेत आठवड्यातून दोन दिवस एक-एक तास मिळेल का, ते कोर्स निवडण्याआधी ठरवा.

मधेच अडकलात तर

आधी अडचण कुठली ते ओळखा. शब्द समजत नसतील तर भाषेची अडचण आहे. एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सांचं लेखी रूप भारतीय भाषांत मिळतं, मराठी आहे का ते बघा, नाहीतर इंग्रजी उपशीर्षकं लावून वेग ०.७५ करा. शब्द समजतात पण उदाहरण सुटत नाही, तर पाया कच्चा आहे. दोन आठवडे मागे जा किंवा खालच्या पायरीचा कोर्स घ्या. दोन्ही ठीक असून स्वाध्यायांच्या तारखाच हुकत असतील, तर या सत्रात परीक्षेचा फॉर्म भरू नका. व्याख्यानं नंतरही एनपीटीईएलच्या साइटवर आणि यूट्यूबवर राहतात, ती सवडीने पुरी करा. सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. तोच कोर्स पुन्हा यादीत आला की तेव्हा नाव नोंदवा, स्वाध्याय वेळेवर द्या आणि मग फी भरा.