खिशातला ई-बुक रीडर: देवनागरीसाठी फर्मवेअर कसं बनवावं

घरगुती रीडरमध्ये घोडं अडतं ते देवनागरीपाशी. छोट्या चिपवरच्या साध्या ग्राफिक्स लायब्रऱ्या युनिकोडमधली चिन्हं ओळीने छापत जातात. ‘कि’ची वेलांटी साठवणीत ‘क’नंतर असते, दिसायला हवी आधी. जोडाक्षरांचे तर हालच. हा गुंता चिपवर सोडवू नका. पानं संगणकावर चित्ररूपात बनवा, फर्मवेअरने (चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ती नुसती दाखवावीत. मग त्याच रीडरवर कोंकणीही चालते, देवनागरी काय नि रोमी (रोमन लिपीतली) काय.

साहित्य: ईएसपी३२-एस३ बोर्ड, ४.२ इंची काळा-पांढरा ई-पेपर (४०० × ३०० पिक्सेल), मायक्रोएसडी मॉड्यूल, दोन बटणं, १० किलोओहमचे दोन रेझिस्टर, १००० एमएएच लिथियम पॉलिमर बॅटरी आणि टीपी४०५६ चार्जर. हा चार्जर मुळात १ अँपिअर देतो. बॅटरी ६०० एमएएचची असेल तर त्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा लावा, प्रवाह ५८० मिलिअँपिअरवर येतो. बॅटरीच्या कनेक्टरचे अधिक-उणे मल्टिमीटरने तपासा. तारांच्या रंगावर भरवसा नको.

१. पानं बनवणे. पायथनची पिलो ही चित्रांची लायब्ररी घ्या, पण तिला राकम (अक्षरांची जुळणी करणारी जोड-लायब्ररी) सापडतंय का ते आधी बघा. नसेल तर संगणकावरही वेलांट्या चुकीच्या जागी पडतात. भाषा ‘एमआर’ द्या, म्हणजे फाँटात सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. चाचणीला ‘दुसऱ्या’ आणि ‘किल्ल्यांवर’ हे शब्द पुरतात. उभं पान ३०० × ४००, अक्षर २४ पिक्सेल, ओळीला ३४ पिक्सेल: अकरा ओळी बसतात. एक-बिटी (फक्त काळं-पांढरं) चित्र करताना पिलो आपणहून ठिपके विखुरते आणि अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. त्याऐवजी ठरावीक उंबरठा लावा: त्याहून गडद ते काळं, बाकी पांढरं.

शेवटी पान आडवं फिरवून साठवा. ४०० ला ८ ने पूर्ण भाग जातो, ३०० ला जात नाही. आता प्रत्येक पान नेमकं १५,००० बाइट्सचं होतं, म्हणून पानाच्या (शून्यापासून मोजलेल्या) क्रमांकाला १५,००० ने गुणलं की फाइलमधली जागा मिळते, वेगळी सूची लागत नाही. ३०० पानांचं पुस्तक ४.५ एमबी.

२. जोडणी. पडदा आणि कार्ड एकाच एसपीआयवर (डेटाच्या सामाईक तारांवर) चालतात, सीएस (कुणाशी बोलायचं ते ठरवणाऱ्या पिना) मात्र वेगवेगळे हवेत. कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा. बटणं चिपच्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) ० ते २१ मधल्याच पिनांवर हवीत, कारण गाढ झोपेतून उठवणं तिथूनच जमतं.

३. फर्मवेअर. प्लॅटफॉर्मआयओ या प्रोग्रॅम लिहून चिपवर चढवायच्या साधनात ई-पेपर चालवणारी जीएक्सईपीडी२ लायब्ररी जोडा. क्रम असा: जागं होणे, पान वाचणे, दाखवणे, पडदा झोपवणे, चिप झोपवणे. पानाचा क्रमांक आरटीसी मेमरीत (चिप झोपली तरी टिकणाऱ्या) ठेवा. ती बॅटरी काढली की पुसते, म्हणून दर दहा पानांनी फ्लॅशमध्येही लिहा. झोपवलेल्या पडद्याच्या कंट्रोलरला जुनं पान आठवत नाही. अर्धवट रिफ्रेश (सगळा पडदा न लुकलुकवता पान बदलणं) हवा असेल तर आधी जुनं पान त्याच्या मेमरीत लिहा, मग नवं. हे विसरलं की दोन पानं एकमेकांवर चढतात. तरीही सावल्या साचतातच, त्यामुळे दर आठ पानांनी पूर्ण रिफ्रेश द्या.

अपलोड होत नसेल तर आधी केबल बदला, पुष्कळ केबल्स फक्त चार्जिंगच्या असतात. मग बूट बटण दाबून ठेवून रिसेट दाबा.

गोव्यात पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. दमट, खारट हवेत बटणाच्या पिनांमधून गळती होते आणि चिपच्या आतला कमजोर पुलअप (पिनेला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) तिच्यापुढे टिकत नाही. रीडर आपोआप जागा होतो, बॅटरी रात्रीत उतरते. ते दोन रेझिस्टर त्यासाठीच आहेत: प्रत्येक बटणाची पिन एकेका रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला जोडा. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. बेतीच्या फेरीबोटीत भर उन्हात हा पडदा छान वाचता येतो. पण एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवू नका, पडद्याची मर्यादा ५० अंश सेल्सिअस आहे.