पावसाच्या तोंडावर संपूर्ण उतार उघडा करू नका

घाणेरी आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपांनी भरलेला शहरातील उतार स्थानिक वनस्पतींसाठी मोकळा करताना बहुतेक जण मे अखेरीस सगळाच झाडोरा एकदम तोडतात, आणि पहिल्या जोरदार सरींत वरची माती नव्या रोपांसकट खालच्या गटारात जाऊन बसते. घाणेरी उपरी असली तरी आज माती तिच्याच मुळांनी धरून ठेवली आहे, हे विसरू नये.

म्हणून उताराला आडव्या, दोन-तीन मीटर रुंदीच्या पट्ट्या आखाव्यात. वरून सुरुवात करून एक पट्टी साफ करावी आणि तिच्या खालची पुढील वर्षापर्यंत तशीच उभी ठेवावी, म्हणजे सुटलेली माती तिथे अडते. साफ केलेली पट्टी त्याच दिवशी फळे नसलेल्या फांद्या आडव्या रचून झाकावी. पाऊस दारात आला असेल, तर उरलेली पट्टी यंदा सोडून द्यावी.

नुसती कोयत्याने छाटलेली घाणेरी पुन्हा जोमाने फुटते. तिचे मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडून झुडूप उलटे ठेवावे.

नेहमीची कामे:
- समतल रेषा (उतारावर एकाच उंचीवरून जाणाऱ्या) आखणे
- ३० सेंमी लांबी, रुंदी व खोलीचे खड्डे
- रोपाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती वरंबा
- धायटी, निर्गुडी, करवंद, मुरुडशेंग या स्थानिक झुडपांची लागवड. मधल्या जागेत मारवेल गवत

माती धरण्यासाठी वाळा गवताचे ठोंब ओळीत १० ते १५ सेंमीवर लावावेत आणि दोन ओळींत सुमारे १ मीटर उभे अंतर ठेवावे, अशी शिफारस आहे. मुरमाड उतारावर मी ओळी याहून जवळ घेतो. त्याला आधार केवळ नजरेचा आहे.

पाणी धरणारे जेल, मुळे वाढवणारी द्रावणे आणि पुरुषभर उंचीची रोपे विक्रेते आग्रहाने गळ्यात मारतात. उंच रोप उतारावर वाऱ्याने हलत राहते आणि त्याची मुळे धरत नाहीत. गुडघ्याएवढे रोप पुरे. तणनाशकाने वाळवलेले झुडूप मातीवरची पकड सोडते आणि औषध पावसाबरोबर नाल्यात उतरते, त्यामुळे तो खर्चही टाळावा.

जमिनीला भेगा पडल्या असतील किंवा संरक्षक भिंत फुगलेली दिसत असेल, तर एकही खड्डा न खणता आधी स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवावी.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला बुलबुल बसतात त्या झाडांखाली फेरी मारावी. त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची घाणेरी तिथेच उगवते आणि ओल्या मातीतून दोन बोटांनी उपटून येते.