ड्रोनच्या व्हिडिओतली थरथर एनडी फिल्टरने कशी गेली

नाशिकमधल्या गिरणाऱ्याजवळ मामांच्या द्राक्षबागेवर भर दुपारी ड्रोन उडवला, तर व्हिडिओत वेलींच्या सरळ ओळी जेलीसारख्या लपलपताना दिसल्या.

कारण असं, की बहुतेक ड्रोनचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीने वाचतो. तेवढ्यात पंख्यांच्या कंपनाने कॅमेरा हलला की सरळ रेघ वाकते. कडक उन्हात शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश आत येण्याचा वेळ, १/१६०० सेकंदावर होतं, त्यामुळे तो वाकडेपणा अगदी ठळक उमटत होता.

फिल्टरने कंपन थांबत नाही, म्हणून आधी कड तुटलेला पंखा बदलला आणि गिंबलचे, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरच्या जोडणीचे, रबर तपासले. मग एनडी ३२ लावला; एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच. तो प्रकाशाचा बत्तिसावा भागच आत सोडतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १०० तसाच ठेवून शटर १/५० वर आलं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओला हवं तेवढंच, एका फ्रेमच्या वेळेच्या निम्मं. प्रत्येक फ्रेममध्ये हालचालीचा हलका धूसरपणा आला, उरलेली थरथर त्यात विरली आणि ओळी सरळ दिसू लागल्या. मामांनाही फरक लगेच कळला!

सकाळच्या उन्हाला मी एनडी ८ किंवा १६ घेतो. पोलरायझर हा चकाकी रोखणारा वेगळा फिल्टर पानांवरची चकाकी छान कमी करतो, पण ड्रोन वळला की त्याचा परिणाम बदलतो, त्यामुळे वळणाच्या शॉटला तो नकोच. फिल्टर हलका, आपल्याच मॉडेलचा घ्या आणि ड्रोन बंद असतानाच लावा, नाहीतर गिंबलच्या मोटरवर ताण येतो. ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग जवळच आहेत, तेव्हा उडवण्याआधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा जरूर बघा.