कुंपणाकडेच्या अनोळखी झुडपाची ओळख कशी पटवावी

इंदूरबाहेर महू रस्त्याकडे घेतलेल्या प्लॉटवर बऱ्याच दिवसांनी गेले, की कुंपणाच्या कडेला आपण न लावलेले एखादे झुडूप हमखास वाढलेले दिसते, आणि त्याला फळे लगडलेली असली, तर एखादे तोंडात टाकून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. पक्षी खातात म्हणजे माणसालाही चालते, ही समजूतही धरू नये. घाणेरीची फळे बुलबुल आवडीने खातात, पण तिचाच पाला खाऊन गुरांच्या यकृताला इजा होते.

पिकल्यावर जांभळी-काळी होणारी फळे कितीतरी झुडपांना येत असल्यामुळे तपासणीची सुरुवात पानांपासून करावी. पाने फांदीवर समोरासमोर जोडीने आली आहेत की एकाआड एक, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. समोरासमोर आलेली खरखरीत, दातेरी पाने, चौकोनी खोड आणि पान चुरगाळताच येणारा उग्र वास अशी लक्षणे असतील, तर ती घाणेरी, जिला इकडचे माळी रायमुनिया म्हणतात. पाने एकाआड एक, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, खालची बाजू पांढुरकी व लवदार आणि देठाशी एक सरळ व एक वाकडा काटा असेल, तर ते बोरीचे भाऊबंद समजावे. पाने एकाआड एकच, पण मोठी, गोलसर व खरखरीत असून फांदीला काटे नसतील, तर फालशाचा विचार करावा.

आमच्या प्लॉटवरच्या झुडपाने मात्र वादच उभा केला. माळीकाका ‘करौंदा’ म्हणाले. शेजारच्या काकूंनी डहाळी मोडून पांढरा चीक दाखवला आणि ‘अहो, हे विषारी असतं, हात लावू नका’ असे बजावले. काकूंची भीती अनाठायी नव्हती. करवंद आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही दोन्ही एकाच कुळातली आहेत, दोन्हींना पांढरा चीक येतो, दोन्हींची फळे आधी हिरवी असून पुढे काळी पडतात, आणि बिट्टीचे बी हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते. तेव्हा चीक दिसला एवढ्यावरून निकाल देता येत नाही. करवंदाची पाने समोरासमोर, जाड, तुकतुकीत व लंबगोल असतात आणि फांदीवर टणक, बहुधा दुबेळके काटे असतात. बिट्टीला काटा नसतो. तिची पाने पट्टीसारखी लांब व निमुळती असून फांदीभोवती फिरत आलेली असतात, आणि फळाला कंगोरे असतात. डहाळी मोडून पाहायची झाल्यास चीक डोळ्यांत जाऊ न देता हात लगेच धुवावेत.

एवढे करूनही फूल पाहिल्यावाचून खात्री धरू नये, मग त्यासाठी काही महिने थांबावे लागले तरी चालेल. करवंदाचे फूल पांढरे, पाच पाकळ्यांचे आणि जाईसारखे सुवासिक असते. बिट्टीचे पिवळे व घंटेसारखे असते. दरम्यान पान, काटा, कळी आणि फळ यांचे तारीखवार फोटो काढत राहावे. मोबाइलवरची ॲप नावे सुचवतात, परंतु एका पानाच्या फोटोवरून मिळालेल्या नावाला मी अंदाजापलीकडे किंमत देत नाही. त्यापेक्षा फूल किंवा फळ असलेली फूटभर फांदी वर्तमानपत्राच्या घडीत वजनाखाली दाबून वाळवावी आणि बुरशी येऊ नये म्हणून कागद रोज बदलावा. फुलाचा रंग, वास, चीक आणि झुडपाची उंची वाळल्यावर कळत नसल्याने ती आधीच लिहून ठेवावी आणि तो नमुना, १८९१ साली सुरू झालेल्या होळकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावा.

आमच्या झुडपाला मार्चमध्ये पांढरी फुले आली, आणि त्यांचा वास घेऊन काकूंनीच लोणच्याची गोष्ट काढली. मात्र अशी ओळख पटेपर्यंत मुलांना त्या झुडपाजवळ एकटे सोडू नये. कोणी फळ खाल्लेच, तर उलटी करवण्यात वेळ न घालवता फळासकट डहाळी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे, कारण काय खाल्ले हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतात.