चित्रपटाआधीच्या नाट्यकारकिर्दीची नोंद कशी करावी

नटाच्या सुरुवातीच्या नाट्यप्रवासाची नोंद करताना हौशी आणि व्यावसायिक टप्पे आधी वेगळे करावेत. डॉ. श्रीराम लागूंचेच पाहा: कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रिया सांभाळून पुण्यात भालबा केळकरांसोबत केलेली हौशी नाटके, १९६९मध्ये पूर्णवेळ रंगभूमी, १९७०मध्ये ‘नटसम्राट’ आणि मग १९७२चा ‘पिंजरा’. पहिल्या प्रयोगाची तारीख आठवणींवर न सोडता त्या दिवसांच्या वर्तमानपत्रातील नाटकाच्या जाहिरातीवरून पडताळावी, कारण तीत नाट्यगृह, वेळ आणि बहुधा प्रमुख कलाकारांची नावेही छापलेली असतात. ऐनवेळी बदली नटाने निभावलेले प्रयोग मात्र जाहिरातीत सापडत नाहीत. त्यासाठी नाट्यसंस्थेकडील प्रयोगांची नोंदवही मिळाली, तर उत्तमच. पुरस्कारांची यादी अगदी शेवटी दिली तरी चालते.