डेटाबेसशी कनेक्शन जुळत नसेल, तर आधी काय तपासावे

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे भर दुपारी वीज जाते आणि ती परत आल्यावर, सकाळपर्यंत नीट चालणारा जावाचा किंवा पीएचपीचा प्रोग्राम डेटाबेसशी जोडलाच जात नाही, ही तक्रार माझ्याकडे शिकणारी मुले-मुली नेहमी घेऊन येतात. अशा वेळी बहुतेक जण सगळे सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. कृपया तसे करू नये. त्यात दुपार जाते, कधी डेटाही जातो, आणि दोष कुठे आहे हे बहुधा पडद्यावरच्या एका ओळीत लिहिलेले असते.

ती ओळ शब्दशः वाचावी. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर आपली विनंती त्या संगणकापर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर (प्रत्येक प्रोग्रामला संगणकावर मिळणाऱ्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारे कोणी नव्हते. ‘टाइम्ड आउट’ असेल, तर उत्तरच आले नाही. तेव्हा चुकीचा पत्ता किंवा फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी व्यवस्था) यांचा संशय घ्यावा. ‘ॲक्सेस डिनाइड’ आले, तर कनेक्शन जुळलेले आहे आणि अडचण नाव, पासवर्ड किंवा परवानगीची आहे.

वीज गेल्यानंतर दिसतो तो बहुधा पहिला प्रकार. झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारे सॉफ्टवेअर) वापरत असल्यास त्याचे कंट्रोल पॅनेल उघडून मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर सुरू आहे का, हे पाहावे. ते सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर लॉग, म्हणजे त्याने लिहून ठेवलेल्या नोंदींची फाइल, वाचावा: एक तर अचानक बंद पडल्यामुळे डेटाच्या फाइली बिघडल्या असतील, किंवा मायएसक्यूएलचे नेहमीचे ३३०६ हे पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने धरले असेल. फाइली बिघडल्याचे दिसले, तर डेटाच्या फोल्डरची प्रत काढल्याशिवाय त्यातले काहीही पुसू नये. पोर्ट कोणी धरले आहे हे पाहण्यासाठी विंडोजमध्ये नेटस्टॅट ही कमांड ए, एन आणि ओ हे तीन पर्याय जोडून चालवावी. ३३०६च्या ओळीत शेवटी जो क्रमांक येतो, तो टास्क मॅनेजरमध्ये शोधला की प्रोग्रामचे नाव कळते.

म्हणून मायएसक्यूएलचे पोर्ट बदलून ३३०७ केले, तर प्रोग्राममधल्या कनेक्शनच्या ओळीतही ते बदलावे. धुळ्याच्या एका विद्यार्थिनीच्या जेडीबीसीच्या (जावा प्रोग्राम डेटाबेसशी जोडण्याच्या पद्धतीच्या) ओळीत ३३०६ तसेच राहिले होते. त्या पोर्टवर जुने मायएसक्यूएल चालूच असल्यामुळे ‘ॲक्सेस डिनाइड’ येत राहिले, आणि ती बिचारी दोन तास नव्या सर्व्हरचा पासवर्ड बदलत बसली.

‘लोकलहोस्ट’, म्हणजे ‘हाच संगणक’, हा शब्दही फसवतो. त्याचे दोन पत्ते असू शकतात, आयपीव्ही४चा १२७.०.०.१ आणि आयपीव्ही६चा ::१. नोडच्या (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) १७व्या आवृत्तीपासून आयपीव्ही४ला मुद्दाम पहिला मान मिळत नाही, त्यामुळे सर्व्हर फक्त आयपीव्ही४च्या पत्त्यावर ऐकत असला तर कनेक्शन नाकारले जाऊ शकते. तेव्हा त्या शब्दाऐवजी १२७.०.०.१ लिहून पाहावे. डॉकरच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंद खोक्यात) मात्र लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, म्हणून अनेक कंटेनर एकत्र चालवणारे कंपोझ वापरत असल्यास तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचे नाव लिहावे.

हीच ओळ वाचण्याची सवय डेटाबेसबाहेरही कामी येते. गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) एसएसएच या सुरक्षित जोडणीने पुश करताना, म्हणजे कोड पाठवताना, ‘टाइम्ड आउट’ येत असेल, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तेच करून पाहावे. तिथे चालले, तर कॉलेजच्या नेटवर्कवर एसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट बंद असण्याची शक्यता मोठी. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलीत गिटहबसाठी होस्टनेम ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’ आणि पोर्ट ४४३ असे द्यावे. नवा होस्ट ओळखीचा आहे का, असा प्रश्न पहिल्या खेपेला विचारला जाईल. त्याची फिंगरप्रिंट (सर्व्हरची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) गिटहबच्या संकेतस्थळावर दिलेल्या फिंगरप्रिंटशी ताडून मगच ‘यस’ टाइप करावे.